पुराच्या पाण्यात पिसाची माशी

माझ्या सासूबाईंचा, म्हणजे आमच्या आत्यांचा, जगात एकाच वस्तूवर राग आहे आणि ती वस्तू गोठ्यामागे पालथी पडलेली असते. ती आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, पत्र्याची नाव. आबा साखर कारखान्याच्या वर्कशॉपात वेल्डर होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवळाच्या ओट्यावर जाऊन बसतात. आबांनी भंगारातून पत्र्याची पिंपं आणली, कापून, ठोकून सरळ केली, वेल्डिंग मारलं, सांध्यांना डांबर फासलं आणि दोन्ही बाजूंना निळे प्लास्टिकचे कॅन बांधले. झाली नाव. पाण्यात सोडली तेव्हा ती थोडी डावीकडे कलली. आबा म्हणाले, तिला तशीच सवय हाय. जणू बैलाबद्दल बोलत होते.

आमचं गाव दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाला. माझं माहेर शिरूरच्या जिराईत पट्ट्यातलं. पाणी म्हणजे हंड्यात मावणारी गोष्ट, अशी माझी लग्न होईपर्यंत समजूत होती. त्यामुळे वरच्या धरणांतून पाणी सोडलं की इथे जी धावपळ उडते, तिची मला पहिल्या वर्षी मोठी गंमत वाटली. ज्याची त्याची पाणी उपसायची मोटार नदीकाठी बसवलेली असते. पाणी चढायच्या आत ती वर ओढायची म्हणून अख्खा गाव चिखलात. कुणाची बुडाली की आबांच्या नावेला बोलावणं यायचं. नाव मोटारींसाठीच बनवली, असं आबा छाती ठोकून सांगत. आत्या म्हणत, "मोटारी वरसातनं एकदा बुडत्यात. ह्यांची नाव रोज कशी काय भिजती?"

आबा मासे धरायला जात, हे साऱ्या गावाला माहीत होतं. पण त्यांची तऱ्हा वेगळी होती आणि ती मोबाइलमुळे लागली. कुठल्या तरी थंड देशातला व्हिडिओ त्यांनी बघितला. एक गोरा माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा, हातात लांब काठी आणि गळाला गांडूळ नाही, कणकेचा गोळा नाही, नुसतं पिसांचं नकली किडूक. त्याने ट्राउट नावाचा ठिपक्याठिपक्यांचा मासा धरला, कौतुकाने हातात घेतला आणि परत पाण्यात सोडून दिला. आबा अवाक झाले. "येवढी मरमर करून सोडला? ह्याला घरचं कुणी बोलत न्हाई का?"

पण ते पिसांचं किडूक त्यांच्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवसापासून आमचा कोंबडा आबांना बघून पळायला लागला. मानेचं पीस कोंबड्याचं, अंग शेजारच्या मेंढरांच्या लोकरीचं आणि वर माझ्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा. अशी त्यांची माशी तयार झाली. आमच्याकडे ट्राउट कुठून असणार? पण मरळ असते. काळी, दांडगी, चिडखोर. नदीला पाणी आलं की ती ओढ्यातून शेताकडे शिरते, काठच्या गवतात दडून बसते आणि पाण्यावर काही फडफडलं की झडप घालते. आबांच्या माशीवर पहिली मरळ आली त्या दिवशी त्यांनी मला कंपनीत फोन केला. मी कुरकुंभला औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. सुपरवायझर समोर उभा, आणि फोनवर आबा ओरडतायत, "सूनबाई, फसली! पिसाला फसली!"

गेल्या वर्षी आबांना लकव्याचा झटका आला आणि उजव्या अंगातला जोर गेला. पाय महिन्याभरात सुधारला, हात मात्र रुसूनच बसला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. आबांनी तो वासराला खेळायला दिला आणि स्वतः माश्या बांधायला बसले. दोऱ्याचं एक टोक दातात, गळ पायाच्या अंगठ्यापाशी, डाव्या हाताने वळसे घालायचे आणि उजव्याची बोटं नुसती टेकवायची. सुरुवातीच्या माश्या आजारी झुरळासारख्या दिसत. मी तसं म्हटलं की ते हसत आणि आणखी एक बांधत. हळूहळू उजवी बोटं दोरा धरायला लागली. जोर मात्र आला नाही. मला त्या माणसाचा तेव्हा फार अभिमान वाटायचा. बोलून दाखवला असता तर त्यांनी मला हाकलून दिलं असतं.

या पावसाळ्यात पाणी आलं आणि आबा सकाळपासून गोठ्यामागे फेऱ्या घालायला लागले. आत्यांना कळायचं ते कळलं. त्या म्हणाल्या, नाव आता भंगारवाल्याला द्यायची. आबा उठून पुन्हा गोठ्यामागे गेले. दोन वेळा नीट जेवलेही नाहीत. शेवटी आत्यांनीच अट घातली, "एकदा जावा. नदीत न्हाई, वढ्याच्या तोंडाशी. सूनबाई संगं असंल. कायबी वाकडं झालं, तर नाव भंगारात. मग माझ्याशी हुज्जत घालायची न्हाई."

"चालतंय," आबा म्हणाले.

माझी सुट्टी होती. नवरा रांजणगावला पहिल्या शिफ्टला गेला होता, नाहीतर त्याने आम्हा दोघांना घरातच कोंडलं असतं. मला पोहता येत नाही, म्हणून आत्यांनी ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब नावेत टाकायला लावली. मी बांबू रेटत होते आणि आबा पुढे बसून हुकूम सोडत होते. ओढ्याच्या तोंडाशी पाणी संथ होतं. गढूळ, पण शांत. नदीचा आवाज लांबून येत होता. जलपर्णीचे पुंजके सावकाश फिरत होते आणि बांधावरची बाभळ निम्मी पाण्यात उभी होती.

"हितं बांध," आबा म्हणाले. मी दोरी उचलली, तर म्हणाले, "न्हाई, आण हिकडं. मी बांधतो."

मी दिली. ते एका हाताने आणि दातांनी बांधू लागले, तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले. आबा एरवी पाण्यात नाव बांधताना दोरी लांब सोडत, सैल फेरा घालत आणि टोक स्वतःच्या हाताशी ठेवत. त्याला दोन हात लागतात. त्या दिवशी त्यांनी बांधली ती गाय खुंट्याला बांधतात तशी. आखूड दोरी आणि ओढलं की घट्ट बसणारी गाठ, तीही बाभळीच्या एका फांदीखाली. मी शेतकऱ्याची पोर, मला त्यात काही खटकलं नाही. गाय तशीच बांधतात.

मग आबांनी काठी घेतली. डाव्या हाताने तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, मागे फेकला, पुढे आणला, आणि माशी गवताच्या कडेला अलगद उतरली. मला मासेमारीतलं काही कळत नाही, पण त्या हाताकडे बघत राहावं असं वाटत होतं. आबा माशी थोडी थोडी ओढत, थांबत, पुन्हा ओढत. तोंडाने काहीतरी पुटपुटत होते, बहुतेक मरळीला शिव्या देत होते. बराच वेळ काही झालं नाही. मी माहेरच्या गप्पा काढल्या, त्यांनी मला गप्प बसवलं. मग एकदम गवतात खळबळ झाली, काठी वाकली आणि आबा ओरडले, "धर! न्हाई, नगं धरू! बस खाली!"

मी खाली बसले ती पाण्यातच. नावेत पाणी आलं होतं. मला वाटलं, सांधा फुटला. तसं नव्हतं. ओढ्याचं पाणी चढत होतं आणि नाव वर उचलली जात नव्हती. गाठ पाण्याखाली गेली होती, फांदीमुळे दोरी वर सरकत नव्हती आणि नावेचं तोंड खाली ओढलं जात होतं. कडेवरून पाणी आत येत होतं.

"आबा, गाठ!"

आबांनी बघितलं आणि त्यांना क्षणात कळलं. त्यांनी उजवा हात पाण्यात घातला. मी बघत होते. बोटं दोरीवर टेकली, वळली आणि सुटली. पुन्हा टेकली, पुन्हा सुटली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवलं नाही. मी जलपर्णी कापायचा विळा उचलला, पुढे झुकले, नाव आणखी कलली आणि माझा तोल गेला. तेव्हा आबांनी काठी सोडली. मासा लागलेली काठी. त्याच डाव्या हाताने त्यांनी माझा दंड धरला, असा की वळ आठवडाभर राहिले. मी दोरी कापली. नावेचं तोंड उसळून वर आलं आणि आम्ही दोघं मागे ट्यूबवर आदळलो.

काठी गवताकडे सरकत निघून गेली. आम्ही बघत राहिलो. मग मी डब्याने पाणी उपसलं आणि बांबू रेटत नाव काठाला आणली.

चिखलातून वर येताना मी म्हटलं, "आबा, आत्यांना यातलं काही सांगायचं नाही. मी घसरून पडले म्हणू."

आबा चिखलातून पाय उपसत पुढे चालत राहिले. मला वाटलं, ठरलं. मी मनात सगळी गोष्ट रचून टाकली, कुठे घसरले, काठी कशी वाहून गेली, सगळं.

आत्या अंगणात लसूण सोलत होत्या. आमचे कपडे बघून त्यांचे हात थांबले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबा खाली बसत म्हणाले, "गाठ मी बांधली. गाय बांधत्यात तशी. पाणी चढलं आन् नाव बुडाया लागली. मला गाठ सुटंना. सूनबाईनं दोरी कापली, म्हून आलो." मग म्हणाले, "बोलाव भंगारवाल्याला."

आत्यांनी पुन्हा लसूण सोलायला घेतला. मला रडू येत होतं. आबा मान खाली घालून हातावरचा चिखल पुसत बसले होते.

"झटका आला त्या दिशी सकाळधरनं तुमचा हात बधिर व्हता," आत्या म्हणाल्या. "सांजच्यापतूर कुणाला सांगितलं न्हाई. भाकरी डाव्या हातानं खाल्ली. मी समोर बसलेली, आन् मला कळलं न्हाई."

आबांनी वर बघितलं.

"मी नावंला भीत न्हाई हो. तुमच्या गप बसण्याला भिती." त्यांनी पदर तोंडाला लावला. "आज आल्या आल्या सांगितलंसा. आता नाव ऱ्हाऊ दे. गाठ सूनबाई बांधंल, तुम्ही मासं धरा."

आबांनी उजवा हात पुढे केला आणि आत्यांच्या हातातली पाकळी घेतली. ती सोलायला त्यांना बराच वेळ लागला. आत्यांनी ती काढून घेतली नाही.