हात बांधायचे नाहीत

आज लिहिणं भाग पडलं, कारण मलकापूरच्या वृद्धाश्रमात माझ्या नवऱ्याचे हात मोज्यांत घालून मनगटाशी बांधलेले पाहिले.

"काकू, काका रोज उशा फाडून राह्यले. कापूस काढत बसतात. आम्ही काय करावं?" तिथली मदतनीस म्हणाली.

ह्यांनी चाळीस वर्षं सरकी काढणाऱ्या जिनिंग मिलमध्ये कापसाची प्रत ठरवली. स्मृतिभ्रंशात माझं नाव गेलं, बोटांचं काम तेवढं राहिलं.

मी गाठी सोडल्या, जवळच्या जिनिंगमधून किलोभर कापूस आणला आणि त्यांच्या मांडीवर ओतला. त्यांनी चिमूटभर घेऊन अंगठ्यांनी ओढून पाहिला.

"बाई, कोण्या गावचा माल?"

"रोहिणखेडचा."

"धागा लांब हाय. पण ओला आणत नका जाऊ."

मॅनेजर आले. "मॅडम, हे नियमात बसत नाही."

"आणि हात बांधणं बसतं?"



तुमचं माणूस अशा ठिकाणी असेल, तर भेटीला गेल्यावर आधी त्याचे हात पाहता का?

निघताना आश्रमाच्या नोंदवहीत लिहिलं आणि मॅनेजरांची सही घेतली: मोज्यांचा एक जोड परत दिला. एक किलो कापूस, सरकीसकट, पेशंटच्या हाती दिला.