पेडगावच्या पाटलाची पिशवी

परभणीचं स्टेशन निजामाच्या काळचं. तेव्हा रूळ अरुंद होते आणि गाडी इतकी सावकाश चालायची, की आमचे आजोबा पहिल्या डब्यातून उतरून, शेतात हुरडा भाजून खाऊन, हात धुवून शेवटच्या डब्यात चढायचे. खोटं वाटत असेल तर त्यांना विचारा. ते आता नाहीत, हा माझा दोष नाही.

पुढं रूळ रुंद झाले. थंड पाण्याच्या तोट्या आल्या, कोणता डबा कुठं लागणार ते सांगणाऱ्या लाल अक्षरांच्या पाट्या आल्या. पण या स्टेशनची सगळ्यात मोठी सेवा कुठल्याच पाटीवर लिहिलेली नव्हती. इथल्या वेटिंगरूममध्ये मुली दाखवायचे.

जंक्शन पडलं ना! मुलीकडचे परळीच्या गाडीनं यायचे, मुलाकडचे मनमाडच्या बाजूनं. कुणी कुणाच्या दारात जायचं नाही, त्यामुळं गावात बोभाटा नाही. मुलीकडच्यांनी चिवड्याचा डबा उघडायचा, मुलाकडच्यांनी चहा सांगायचा. आणि निकाल तोंडानं द्यायचाच नाही. मुलगी पसंत असली, तर मुलाकडच्यांनी आपली परतीची गाडी डोळ्यांदेखत जाऊ द्यायची. गाडीत चढले, की नकार. हात जोडणं नाही, कारणं सांगणं नाही.

मी तेव्हा सेलूकडच्या एका शाळेत नवा मास्तर होतो. वडील लवकर गेलेले, त्यामुळं माझं लग्न मामानं अंगावर घेतलं होतं. गंगाखेडकडचं स्थळ त्यानंच आणलं. त्याचा स्वतःचा मुलगा माझ्याहून मोठा, अबोल आणि अजून बिनलग्नाचा, तरी मामा आधी भाच्याचं बघायलाय, म्हणून आईचे डोळे भरून आले होते.

मुलगी समोरच्या बाकावर बसली. मी आपलं सुरू केलं, की आमच्या शाळेची घंटा एवढी खणखणीत, पार मानवतपर्यंत ऐकू जाते.

ती म्हणाली, "मग मानवतची पोरं पण तुमच्याच शाळेत येत असतील."

बास. मी मनाशी ठरवलं, ही गाडी जाऊ दे, उद्याची जाऊ दे, रेल्वे बंद पडली तरी चालेल. आपण इथून हलत नाही.

गाडी आली. मी बाकाला चिकटून बसलो. तेवढ्यात मामानं दारातून हाक मारली आणि हातात एक कापडी पिशवी दिली.

"भाच्या, मागच्या डब्यात पेडगावचा पाटील बसलाय, लाल पटक्याचा. एवढी पिशवी त्याला देऊन ये."

"मामा, मी गाडीत चढलो तर ही माणसं काय समजतील?"

"अरे, त्यांना मी सांगतो की! गाडी लय वेळ थांबती. पळ."

डब्यात लाल पटके ढीगभर होते, पाटील एकही नव्हता. मी एकेकाला पिशवी दाखवत फिरायलो, आणि गाडी हलली. दारापर्यंत पोचतो तो वेग आलेला. वेटिंगरूमच्या दारात ती उभी होती. मी दोन्ही हात जोरजोरात हलवले. नाही, नाही, असं मला म्हणायचं होतं. लांबून ते कसं दिसलं असेल, ते मला फार उशिरा कळलं.

पेडगावला उतरून पिशवी उघडली. आत मामाचं मळकं धोतर. मला वाटलं, बिचाऱ्यानं गडबडीत पिशवी बदलली. बघा माझा विश्वास!

एका ट्रॅक्टरवर बसून परत आलो, तर मामा फलाटावर एकटाच, तोंड पाडून.

"मुलीला तू पटला न्हाईस रे. लय बोलतो म्हणाली."

त्यानंतर मी एवढा गप्प झालो, की हेडमास्तरांनी घरी येऊन माझी जीभ जागेवर आहे का ते बघितलं. आणि पुढच्याच लगीनसराईत मामाच्या मुलाचं लग्न निघालं. अंतरपाटापलीकडं तीच! मामा कानात म्हणाला, "तुला नको म्हणाली, म्हणून काय पोरीनं जन्मभर तसंच राहायचं?" मुद्दा बिनतोड होता. मी अक्षता टाकल्या.

यथावकाश माझंही लग्न झालं, संसार झाला. मी परभणीत घर केलं. मामा सुट्टीला मुलासुनेबरोबर आमच्याकडं यायचा, मी सगळ्यांना स्टेशनावरून आणायचो, पोचवायचो. गेल्या हिवाळ्यात मामा आमच्याकडं राहणार होता आणि मुलगा-सून परत निघाली होती, म्हणून मी आणि मामा त्यांना पोचवायला स्टेशनावर आलो होतो. मामेभाऊ पाण्याची बाटली आणायला गेला. मी सहज गंमत केली.

"वहिनी, याच स्टेशनात नापास केलतं मला तुमी."

"मी?" ती माझ्याकडं बघतच राहिली. "भाऊजी, गाडीत तुमी चढलात. वरून हात हलवत गेलात. मामंजींनी आमच्या बाबापुढं हात जोडले. म्हणले, भाच्याला पसंत न्हाई, पण माझा पोरगा हाय, तुमची मान खाली जाऊ देत न्हाई."

ती रुळाकडं बघत म्हणाली, "मला वाटलं होतं, तुमी थांबताल."

मामेभाऊ आला, गाडी लागली, दोघं चढली. मामा चहाच्या स्टॉलपाशी बसला होता. मी सरळ जाऊन विचारलं.

तो दचकलासुद्धा नाही. "तू काय, बोलका गडी, नोकरीवाला. तुला कोणीबी दिली असती. आमच्या मुक्याला कोण देणार होतं? आन् ते धोतर तू परत दिलंच न्हाईस बरं का." एवढं बोलून हसला, बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

त्याचा चहा व्हायच्या आत मी उठलो आणि चालायला लागलो.

"अरे भाच्या, मला घरी कोण नेणार?"

"ऑटो हायेत बाहेर," मी म्हणालो. मागं वळलो नाही.