उन्हात धरलेली साडी

मॅचिंगच्या दुकानात ट्यूबलाइटखाली रंग फसवतो, म्हणून बायका कापड घेऊन दारात उन्हात येतात. आज आईही सवयीने आली. एका हातात तिची मोरपंखी साडी, दुसऱ्या हातात ब्लाउजपीस. वर्षभरात तिच्या डोळ्यांतले रंग विरत गेलेत. आता तिला सगळं राखाडीच दिसतं, आणि डॉक्टर म्हणतात, ते परत यायचे नाहीत. तरी ती दोन्ही कापडं शेजारी धरून बघत राहिली.

"काकू, अगदी डिट्टो आहे!" दुकानदार आतून ओरडला.

"तुझं प्रत्येक वेळी डिट्टोच असतं," आई म्हणाली. मग हळूच मला विचारलं, "जुळतोय का गं?"

शाळेत मी इंग्रजीतून पाठ केलं होतं, की प्रकाश लाटांनी येतो. लांब लाट लाल, आखूड लाट निळी. कापड बाकीच्या लाटा ठेवून घेतं आणि ज्या परत पाठवतं, तो त्याचा रंग. साडीवरून निघालेल्या त्या लाटा आजही आईच्या डोळ्यांपर्यंत येतच असतील. दार वाजवत असतील, आणि आतून कुणी उघडत नसेल.

"जरा हिरवट आहे," मी म्हटलं.

"मग सांग त्याला."

अनोळखी माणसाशी बोलताना माझा आवाज फुटत नाही, हे आईला माहीत आहे. तरी ती जागची हलली नाही. शेवटी मीच आत वळून म्हटलं, "दादा, दुसरा दाखवा."

आईने साडी आणखी थोडी उन्हात सरकवली.

"आता तूच बघ," ती म्हणाली. "मी नुसती धरते."