नदीच्या पाण्यातली डाळ

लग्न होऊन शिरूरहून दौंडला आले तेव्हा माझी मिजास एकच होती, की माझ्या हाताला चव आहे. माहेरी दोन उकळ्या आल्या की तुरीची डाळ लोण्यासारखी व्हायची. त्यात कौतुक कुणाचं, तर अर्थात माझं!

लवकरच सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी पाटसला गेल्या आणि चूल माझ्या ताब्यात आली. नवरा रेल्वेत, पाळीवर जाताना भाकरी आणि कोरडी भाजी न्यायचा. वरण लागायचं ते सासऱ्यांना. त्यांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. निघताना सासूबाईंनी बजावलं, "त्यांची डाळ तेवढी मऊ शिजव गं. दुसरं काय त्यास्नी चावत न्हाई."

विहीर दारातच होती. पाणी शेंदलं, डाळ चढवली. रटरट रटरट शिजतेय, लाकडं संपत आली, पण दाणा आपला टणकच! रवीनं घोटून घोटून खांदा भरून आला. वर पिवळं पाणी, खाली चुरा. तेच घाबरत घाबरत वाढलं आणि विचारलं, "कशी झालीय, मामा?"

"ब्येस झालीया, पोरी."

मग काय, मी हवेतच! रोज दाणा कडक राहायचा, तर मी वाण्याला धरलं. "जुनी डाळ गळ्यात मारताय व्हय?" बिचाऱ्यानं दोनदा बदलून दिली. पुढं तर मला बघितलं की तो आतच जायचा. मामांचं मात्र रोज "ब्येस". थोडंसं जेवायचे आणि हात धुवायचे. दुपारी चहात भाकरी चुरून खायचे. उरलेलं वरण मी गाईला घालायची. म्हातारं माणूस, खाऊन खाणार किती, असं शेजारणीला शहाण्यासारखं सांगितलंसुद्धा.

सासूबाई परतल्या त्या मामांना बघून दारातच थबकल्या. "आगं बया! गळ्याची हाडं वर आली की वो तुमच्या!" तडक आत आल्या आणि पातेल्यातली डाळ चिमटीत दाबून बघितली. "हिरीच्या पाण्यात शिजवलीस?"

"मग कशात शिजवायची?"

"ह्या मचूळ पाण्यात डाळ जल्मात शिजायची न्हाई. हितं समदी डाळीला नदीचं पाणी आणत्यात. मी रोज पहाटं कळशी आणायची ती कशापायी?" आणि मग त्यांनी स्वतःच कपाळाला हात लावला. "सांगायचंच राह्यलं की गं माझं."

त्या पाटसला जाईपर्यंत ती कळशी मी रोज बघत होते. देवाची असेल म्हणून कधी विचारलंच नाही.

मग त्या सासऱ्यांवर घसरल्या. "तुम्हास्नी तर ठावं व्हतं! तोंडाला काय कुलूप घातलं व्हतं?"

"नवी पोर हाय," मामा म्हणाले. "सांगितलं आसतं तर लगीच कळशी घिऊन निघाली आसती. नदीचा उतार कसला हाय! पाय घसरला आसता म्हंजी?"

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. तुझी काय चूक, असं सासूबाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. चूक नसेल माझी. पण रोज समोर बसून वाढणारी मीच ना? माझे डोळे कुठं गेले होते? 'ब्येस' ऐकायला कान तेवढे टवकारलेले.

संध्याकाळी सासूबाई मला नदीवर घेऊन गेल्या. उतार खरोखरच वाईट होता. भरलेली कळशी मीच कमरेवर आणली आणि डाळही मीच चढवली. बघता बघता दाणा फुटला, रवी लावायचीही गरज पडली नाही. ताट पुढं ठेवलं, पण कशी झालीय हे विचारायचा धीर होईना. मामांनी वरणात भाकरी कुस्करली. खाली मान घालून भराभरा जेवले आणि रिकामी वाटी माझ्याकडं सरकवली.

"वाढ आजून."

इतक्या दिवसांत त्यांनी हे एकदाही म्हटलं नव्हतं. पळी हातात धरून मी रडायलाच लागले.

"रडती कशापायी?" मामा म्हणाले. "आदी वाढ, पोरी. लई भूक लागलीया."