पस्तीस ग्रॅम

जूनमधला दुसरा शनिवार, सकाळचे साडेदहा. रक्ततपासणीचे नऊशे रुपये मी जनावरांच्या दवाखान्यात भरले. हजर होते डॉक्टर, मी, माझी तेरा वर्षांची मुलगी आणि तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला ससा.

डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून हिरडी दाखवली. पांढरट होती. "खून कम है. खाना कितना देते हैं?"

"पस्तीस ग्राम. सुबह नौ बजे," मी म्हणालो. तो आकडा मीच ठरवला होता.

ससा दोन वर्षांपूर्वी आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आला, तेव्हा सशाच्या खाद्याचे रोज पन्नास ग्रॅम दाणे ठरले होते. ऑफिसला निघण्यापूर्वी मी ते काट्यावर मोजून वाटीत घालायचो. एप्रिल लागल्यावर बायको म्हणाली, "अहो, रोज मूठभर उरतंय. मुंग्या लागतात, म्हणून दुपारी फेकून देते मी." बजेट विभागात माझी बावीस वर्षं गेली. ज्या शाखेचा पैसा वर्षअखेर उरतो, तिची पुढची तरतूद आम्ही कापतो. मी चाळीस केले. तरी उरलं, म्हणून पस्तीस.

मुलगी दोनदा म्हणाली होती, "बाबा, तो सुस्त झालाय."

"गर्मीने."

"तुम्हाला बिल्कुल काही दिसत नाही, यार."

"बापाला यार म्हणू नये," एवढंच मी सुधारलं.

डॉक्टरांनी सांगितलं ते साधं होतं. ससा खातो पहाटे आणि सूर्य मावळल्यावर. उन्हाळ्यात दिवसभर तो फरशीला पोट लावून पडून राहतो. म्हणजे नऊला घातलेले दाणे बरेचसे तसेच राहायचे, दुपारी फेकले जायचे आणि भूक लागायच्या वेळी वाटी रिकामी असायची. संध्याकाळी मिळायची कोथिंबिरीची चार देठं. दोन महिने असं चाललं होतं, रक्त कुठून तयार होणार? आता पुन्हा पन्नास ग्रॅम द्यायचे, अर्धे पहाटे पाचला आणि अर्धे संध्याकाळी सातला. सुकं गवत कायम पुढ्यात.

परतताना रिक्षात मुलीने टॉवेल त्याच्याभोवती पुन्हा गुंडाळला. मग म्हणाली, "उरलं म्हणजे त्याला नको होतं, असं नव्हतं ना?"

"नव्हतं," मी म्हणालो.

नऊ दिवस मी पहाटे पाचला उठलो. आता उरलेलंही तोलत होतो. पहिल्या दिवशी त्याने चौदा ग्रॅम खाल्ले, चौथ्या दिवशी वीस. त्या दिवशी मुलगी शिकवणीला हसत गेली. नंतर अकरा, मग चार. दहाव्या पहाटे वाटी भरलेली होती आणि ससा मोरीजवळ आडवा पडला होता. अंग गार.

मी मुलीला उठवलं. तिने वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही ऑफिसला जा," ती म्हणाली.

मी गेलो नाही. कॉलनीच्या माळ्याने क्वार्टरमागे खड्डा खणून दिला. त्याने दीडशे मागितले. मी त्याला दोनशे दिले आणि पन्नास परत घेतले नाहीत.