शंभराव्या चौकोनातला कंस

माझे बाबा पेंटर. अख्ख्या बाजारातल्या पाट्या त्यांच्याच हातच्या. एक डोळा गेला, तरी मी शिकवते त्या शाळेच्या प्रयोगशाळेत मूलद्रव्यांचा तक्ता रंगवायचं काम त्यांनी हट्टानं घेतलं. शंभराव्या चौकोनात, फर्मियमपाशी, त्यांचा ब्रश थांबला.

"या २५७ ला कंस कशाला गं?"

"माणसानं बनवलंय ते, टिकत नाही. म्हणून त्यातल्या सगळ्यात चिवट प्रकाराचा अणुभार कंसात लिहितात, पण तो प्रकारही शंभरेक दिवसांत निम्मा होतो."

"आणि उरलेल्या अणूंत प्रोटॉन किती?"

"प्रत्येकात शंभर. एकही कमी नाही."

तेवढ्यात मुख्याध्यापक डोकावले. "बाबा, एका डोळ्यानं जमेल ना?"

बाबांनी मान न वळवता कंस एका दमात ओढला.

"निम्मा गेलोय, साहेब. पण उरलोय तेवढा पुरा आहे."