वलवणच्या बंगल्यातलं अब्बांचं दार

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. लोणावळ्यात माझं शिलाईचं दुकान आहे. एखादं गिऱ्हाईक भुताखेतांचं सांगायला लागलं की मी गळ्याचं माप घ्यायला टेप लावते, आपोआप गप्प बसतं! तरी हे लिहितेय... कारण त्या दिवशी तिथे आम्ही तिघं होतो, आणि तिघांनीही ऐकलं.

माझे अब्बा सुतार. तीस वर्षं शूटिंगचे सेट उभे केले, जोडीला आंदर मावळातले दगडूआबा. मागच्या वर्षी अब्बांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा बसली. दोन महिन्यांनी दगडूआबा वारले. डॉक्टर म्हणाले होते, मनाला धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. म्हणून आम्ही सांगितलंच नाही. आबा का येत नाहीत, असं अब्बा खुणेनं विचारायचे, आणि मी – लिहितानाही लाज वाटते – "भातकापणी चाललीय" म्हणून वेळ मारून न्यायचे.

आठ महिने घरात अब्बांचा आवाज नाही. डॉक्टरांनीही आता फार आशा धरू नका म्हणून सांगितलं. मग मीच ठरवलं, त्यांचं काम त्यांना दाखवायचं. जीभ सुटली तर सुटली.

वलवण धरणाजवळ एक दगडी बंगला आहे. तिथे तीन वर्षं एका मालिकेचं शूटिंग चाललं होतं. त्यातलं वाड्याचं मोठं दार अब्बांनी केलेलं. काय दार आहे हो! नुसतं प्लायवूड आणि थर्माकोल, पण बघणाऱ्याला शंभर वर्षांचं सागवान वाटावं. शूटिंग संपल्यावर बंगल्याच्या मालकांना ते मोडवेना. त्यांनी ते दिवाणखान्याच्या भिंतीला टेकवून सिमेंटनं पक्कं बसवून घेतलं. म्हणजे दाराच्या मागे थेट दगड. बोटभर फट नाही.

फेब्रुवारीतली सकाळ, साडेअकराचा सुमार, खिडक्यांतून लख्ख ऊन. बंगला सांभाळणाऱ्या शेवंतामावशींनी अब्बांना खुर्ची दिली.

"मिस्त्री, लोक हितं येत्यात आन् दाराला हात लावून लावून बगत्यात. खोटं हाय म्हनलं तर पटत न्हाई त्यास्नी!"

अब्बा हसले. किती दिवसांनी हसले! खुर्चीवर न बसता माझ्या खांद्याचा आधार घेत दारापाशी गेले आणि डाव्या हाताने दोनदा ठोकलं.

ही त्यांची कामाची पद्धत. शेजारी टेक चालू असायचा, ओरडायची सोय नाही. दार उभं केलं की पुढचा माणूस दोनदा ठोकणार. मागे आधार देणारा एकदा ठोकून सांगणार, थांब, अजून पाचर मारायचीय. तीनदा ठोकलं की पक्कं झालं, आता सोड. मागे कायम दगडूआबा असायचे.

अब्बांनी दोनदा ठोकलं... आणि दाराच्या आतून उत्तर आलं. टक. टक. टक. सावकाश, स्वच्छ.

शेवंतामावशींच्या हातातली किटली खाली पडली. "आगं बया! मागं तर भित्ताड हाय!"

अब्बा हलले नाहीत. दारावर तळवा ठेवून उभे राहिले. मग घशातून खरखर आली आणि आठ महिन्यांनी अब्बा बोलले.

"दगडू गेला."

मग ते माझ्याकडे वळले.

"मला का नाही सांगितलंस, पोरी?"

मी त्यांच्या गळ्यात पडून लहान मुलीसारखी रडले. आणि ते, तोतऱ्या जिभेने, मलाच समजावत होते!

नंतर मी ती भिंत बाहेरून बघितली, पाइप, वायरी, उंदीर... सगळं शोधलं. काही नाही. डॉक्टर म्हणतात, वाचा अशी परत येते कधी कधी. बरं, येत असेल. पण ठोकलं कोणी?

पुढच्या आठवड्यात अब्बांना दगडूआबांच्या गावी घेऊन गेले. आबांच्या बायकोपाशी बसून ते अडखळत अडखळत तासभर बोलले. येताना गाडीत मी धीर करून विचारलं, "अब्बा, तो आवाज कशाचा होता?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वेडीच.

"तीस वर्षं ऐकलाय. दगडूचा हात मला कळणार नाही होय?"